'नकोशी' हा शब्द तेवढा छापू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

टाकून दिलेली तान्ही मुलगी कुठं सापडली की सगळ्याच मराठी पेपरांत हेडलाईनला ठरलेला शब्द येतो, 'नकोशी'. लिहिणाऱ्याच्या मनात कळवळाच असतो हे मला कळतं, पण मला तो शब्द वाचवत नाही, कारण माझ्या आजीचं नाव नकुसा होतं. चौथी मुलगी झाली म्हणून ठेवलेलं. सोलापूरच्या पूर्व भागात जन्मभर विड्या वळल्या तिनं. बाप्तिस्मा घेतला तेव्हा चांगलं नवीन नाव मिळालं, पण बोळात ते कुणी कधी घेतलंच नाही.

तिला वाचता येत नव्हतं. मी शाळेतून आले की मांडीवर सूप घेऊन विड्या वळता वळता म्हणायची, यिर्मयाचं वाच गं. बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा पहिलाच अध्याय, पाचवं वचन. देव यिर्मयाला सांगतो की तुला आईच्या पोटात घडवायच्या आधीच मी तुला ओळखत होतो. यावर आजी दर वेळी म्हणायची, बघ, माझ्या बापानं नाव ठेवायच्या आधीच देवाला मी माहीत होते.

आता कुणी म्हणेल की हे एकट्या यिर्मयाला सांगितलंय, संदेष्टा म्हणून नेमताना. बरोबर आहे, पण बायबलातल्याच स्तोत्र १३९ मध्ये तर एक भक्तच प्रार्थना करतोय की मी नुसता गोळा होतो तेव्हाही तुझ्या डोळ्यांनी मला पाहिलं, आईच्या पोटात तू मला घडवलंस. मूळ हिब्रूत तिथं विणण्याचा शब्द आहे, आणि आमच्या घरी तीन पिढ्या माग चालले त्यामुळं मला ते जास्तच भिडतं, एकेक धागा बघितल्याशिवाय चादर होत नाही.

बरेच लोक याला सटवाईच्या लिखितासारखं समजतात, की जन्माआधीच ठरलंय म्हणजे नशिबाला बोल लावून गप्प बसायचं. मला तसं वाटत नाही. हिब्रूतलं ते 'ओळखणं' जवळच्या नात्यातलं आहे, आपलं म्हणून ओळखणं. आणि ज्या यिर्मयाला हे सांगितलं तोच पुढं विसाव्या अध्यायात आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, मी पोटातच का मेलो नाही म्हणतो, इतका त्रास झाला त्याला, आणि ते सगळं पवित्र शास्त्रात तसंच ठेवलंय. देवानं ओळखलं म्हणून दुःख चुकलं नाही, आजीचंही चुकलं नाही.

साताऱ्यात २०११ साली सरकारी कार्यक्रम घेऊन अडीचशेच्या वर नकोशा-नकुसांची नावं बदलली, आणि आपण मात्र तेच नाव रोज नव्या लेकराला देतोय, तेही छापून! आपल्याच जिल्ह्यात पंढरपूरला प्रार्थना समाजानं १८७५ साली अशा टाकलेल्या लेकरांसाठी आश्रम काढला, ती माणसं काही ख्रिस्ती नव्हती, पण कुणाचं लेकरू म्हणून न विचारता त्यांनी उचलून घेतलं, त्यांचे उपकार आहेत.

त्या आईबद्दलही दोन शब्द, कारण 'निर्दयी माता' हेही नेहमीचंच. तिच्यावर काय वेळ आली असेल ते आपल्याला माहीत नसतं. बायबलातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात म्हटलंय की आई एकवेळ तान्ह्याला विसरेल पण मी विसरणार नाही, तिथं देव त्या आईला शिव्या देत बसलेला नाही. तिला बाळ उकिरड्यावर ठेवायची गरजच नाही, २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं बालकल्याण समितीसमोर रीतसर सोपवता येतं आणि विचार बदलायला ६० दिवस मिळतात, हे किती बायांना माहीत आहे?

म्हणून विनंती अशी की अशा बातमीत नुसतं 'नवजात मुलगी' लिहा, आणि खाली चौकटीत ही माहिती आणि लहान मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा फोन नंबर द्या, मोठ्या अक्षरात, विड्या वळणाऱ्या बाईलाही शेजारच्या पोरीकडून वाचून घेता येईल असा.

आपली,
संडे स्कूलमध्ये शिकवणारी एक वाचक, सोलापूर