पेन्सिलची सही बघून फसू नका

संपादक महोदय, स.न.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घरसजावटीवर लेख होता, त्यात 'ओरिजनल चित्र परवडत नसेल तर प्रिंट घ्या' असा सल्ला दिलाय. वाचून डोकं फिरलं. एचिंग (धातूच्या प्लेटवरून छापलेलं), लिनोकट (कोरलेल्या लिनोलियमवरून), वुडकट (कोरलेल्या लाकडावरून) ह्यापण प्रिंटच की! आणि त्या ओरिजनलच असतात, कारण ज्याची नक्कल केली असं दुसरं चित्र कुठे टांगलेलंच नसतं.

मी कॉलेजात असताना एचिंग केलंय म्हणून सांगतो. झिंकच्या प्लेटवर ग्राउंडचा, म्हणजे ॲसिड लागू न देणारा, लेप देऊन सुईने रेघा ओढायच्या, मग प्लेट ॲसिडमध्ये, म्हणजे रेघांच्या जागी खाचा पडतात, मग शाई फासायची आणि जाळीच्या कडक कापडाने पुसत बसायचं, शेवटी तर नुसत्या तळहाताने, म्हणजे वरची शाई जाते आणि रेघांतली राहते. जास्त पुसलं की चित्र फिकं, कमी पुसलं की मळकं. मग भिजवलेला कागद, त्यावर फेल्टचं जाड कापड, प्रेसचं चाक फिरवायचं आणि कागद कोपऱ्याला धरून हळूच उचलायचा. एवढं सगळं करून प्रत निघते एक! दुसरीसाठी परत शाई, परत पुसणं. खाली 3/25, म्हणजे पंचवीसपैकी तिसरी प्रत, असं लिहितात ते ह्यासाठी.

आता माझीच फजिती ऐका. भाचीच्या वास्तुशांतीला एका दुकानातून 'लिमिटेड एडिशन प्रिंट' घेतली, खाली पेन्सिलने सही, 12/100 वगैरे सगळं व्यवस्थित. घरी आल्यावर भिंग लावलं तर रंगीत ठिपकेच ठिपके, म्हणजे पेंटिंगचा फोटो काढून इंकजेटवर मारलेला. फोन केला तर दुकानदार म्हणतो साहेब ही जिक्ली आहे. अहो, जिक्ली हे इंकजेटचंच फॅन्सी नाव! चांगल्या कागदावर चांगली निघते, माझं काही म्हणणं नाही, पण मग तसं सांगा आणि पैसेही तसेच घ्या ना. एचिंगला कडेने प्लेटचा दाब उमटतो, बोट फिरवलं तरी कळतं. मी दुकानात बोट फिरवलं नाही, चूक माझी. (दगडावरून छापतात त्या लिथोला आणि जाळीतून शाई ओढतात त्या सिल्कस्क्रीनला हा दाब नसतो, तिथे भिंगच लागतं.)

कोणी म्हणेल मग रवि वर्म्यांच्या तसबिरी काय? त्यांचा प्रेस 1894 ला मुंबईत निघाला, पुढे मळवलीला गेला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, कारागिरी अफाट, पण मूळ चित्र कॅनव्हासवरचं तैलरंगातलं, म्हणजे त्या शेवटी प्रतिकृतीच. उलट अंधेरीत राहून लिनो कोरणाऱ्या चित्रकार चित्तप्रसादांचं चित्र कागदावर उमटतं तेव्हाच ते चित्र होतं.

तेव्हा विनंती एवढीच, प्रदर्शनाच्या बातमीत फोटोखाली नुसतं 'प्रिंट' नका छापू, लिनोकट की एचिंग की डिजिटल तेवढं लिहा. आणि भाचीला अजून सांगितलेलं नाही, तेव्हा पत्र छापलंत तर माझं नाव गाळा.

- एक वाचक, पुणे