शाळा बदलण्याआधी खेळाची पात्रता विचारा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कॅलिफोर्नियात मे-जून उजाडला की मराठी कुटुंबांची घरे हलू लागतात. कुणाचा भाडेकरार संपतो, कुणी स्वतःचे घर घेतो, तर कुणी घर तेच ठेवून मुलीला खासगी शाळेतून काढून जवळच्या सरकारी हायस्कूलमध्ये घालतो. प्रवेश घेताना गणिताचा वर्ग कोणता मिळेल, एपी विषय (कॉलेजच्या पातळीचे अभ्यासक्रम) किती आहेत, याची बारीक चौकशी होते. खेळाची चौकशी मात्र ऑगस्टमध्ये सराव सुरू झाल्यावर होते, आणि मग मूल अर्धा मोसम मैदानाबाहेर बसते. त्या चौकशीची वेळ प्रवेशाच्या आधीची आहे, हे सांगण्यासाठी हे पत्र.

इथले शालेय खेळ ‘कॅलिफोर्निया इंटरस्कोलॅस्टिक फेडरेशन’ (सीआयएफ) ही १९१४ साली स्थापन झालेली संस्था चालवते. राज्यात तिचे दहा विभाग आहेत. बदलून आलेल्या खेळाडूचा अर्ज नवी शाळा पाठवते, पण निर्णय विभागाच्या कार्यालयाचा असतो. ‘तुमचा मुलगा खेळेल, काळजी करू नका’ हा कोचचा शब्द तिथे चालत नाही. नववीत पहिल्यांदा नाव घालताना पालकांना मोकळीक असते. त्या वेळी निवडलेल्या शाळेत पत्ता पात्रतेच्या आड येत नाही. म्हणजे खेळाच्या दृष्टीने शाळा निवडायची खरी वेळ आठवीच्या शेवटी येते. नंतर बदलली की शाळाबदलाचा नियम २०७ लागू झालाच.

संपूर्ण कुटुंब खरोखर नव्या घरी गेले असेल तर पूर्ण पात्रता मिळते. इथे ‘संपूर्ण’ या शब्दावर बरीच घरे अडकतात. जुने घर विकले गेले नाही म्हणून वडील तिथेच राहतात, किंवा मोठी बहीण शेवटचे वर्ष तिथूनच पुरे करते. अशा वेळी ते घर कुटुंबाने सोडले असे धरले जात नाही. तपासणारा माणूस कागद शेजारी शेजारी ठेवून बघतो. नव्या घराच्या लीजवर आई, वडील, मुले सगळ्यांची नावे आहेत. पण जुन्या घराच्या वीजबिलावर खाते अजून वडिलांच्याच नावाने चालू आहे, आणि फ्रिज-एसी चालल्याइतके युनिट दर महिन्याला पडत आहेत. एवढ्यावर अर्ज थांबतो. म्हणून जुन्या लीजची समाप्ती किंवा विक्रीचे कागद, जुनी जोडणी बंद केल्याची पावती आणि नव्या पत्त्यावरची वीज, गॅस, पाण्याची बिले एका फाइलीत लावून ठेवावीत. पत्ता बदलल्यावर दहा दिवसांत डीएमव्हीला (वाहन व परवाना खात्याला) कळवणे तर कायद्यानेच बंधनकारक आहे. तो कागदही याच फाइलीत घालावा.

घर न बदलता शाळा बदलली असेल तर पहिल्या खेपेला ‘सिट-आउट पिरियड’ची सोय आहे. साधारण अर्धा मोसम स्पर्धेचे सामने खेळता येत नाहीत, सराव करता येतो. हा हिशेब खेळागणिक होतो. मुलांचे टेनिस वसंत ऋतूत असते. गेल्या वसंतात जुन्या शाळेकडून टेनिस खेळलेला मुलगा ऑगस्टमध्ये नव्या शाळेत आला, तर ऑगस्टपासून दिवस मोजून त्याची सुटका होत नाही. टेनिसचा पुढचा मोसम सुरू झाल्यावरच त्याचे बसणे सुरू होते. उलट, बदलीआधीच्या बारा महिन्यांत जो खेळ हायस्कूलकडून खेळलाच नाही, त्यात अशी अडचण येत नाही. दुसऱ्यांदा शाळा बदलली की ही सोय संपते. मग बदलीच्या तारखेपासून बारा महिने त्या खेळात वार्सिटी (शाळेचा मुख्य) संघ बंद. (क्रिकेट सीआयएफच्या खेळांत नाही, त्यामुळे क्लबच्या क्रिकेटला यातले काही लागू नाही.)

विशेष अडचण म्हणून सूट मागता येते, पण ती अडचण आधी न कळणारी, टाळता न येणारी आणि दुरुस्त न होणारी असावी लागते. ‘तिथला कोच चांगला आहे’ हे त्यात बसत नाही.

कोचचा विषय मराठी माणसाने नीट समजून घ्यायला हवा, कारण आपल्या मनात सचिन तेंडुलकरचे उदाहरण पक्के आहे. रमाकांत आचरेकर सरांच्या सांगण्यावरून त्याने वांद्र्याची शाळा सोडून दादरची शारदाश्रम गाठली, आणि मुंबईच्या शालेय क्रिकेटने ते कौतुकाने पाहिले. सीआयएफच्या नियम ५१० मध्ये नेमके हेच ‘अवाजवी प्रभाव’ या सदरात येते. प्रवेशाआधी नव्या शाळेच्या कोचशी झालेले बोलणे, त्याच्या क्लबमध्ये घेतलेले प्रशिक्षण, हे सगळे प्रतिज्ञापत्रात लिहून द्यावे लागते. बॅडमिंटन आणि टेनिसच्या खासगी अकादमीत शिकवणारा प्रशिक्षक शाळेचाही कोच असू शकतो. पालक ते लिहायला घाबरतात. लिहावेच. उघड केलेल्या संपर्कावर निदान विचार तरी होतो. लपवलेला पुढे सापडला तर तो खोट्या माहितीत मोडतो.

खोट्या माहितीची शिक्षा नियम २०२ प्रमाणे चोवीस महिन्यांपर्यंत अपात्रता अशी आहे, म्हणजे हायस्कूलची निम्मी वर्षे. अपात्र खेळाडू खेळलेले सामने शाळाही गमावू शकते. मावशीच्या पत्त्यावर नाव घालणारे पालक मुलाबरोबर त्याच्या सोबत्यांचाही मोसम पणाला लावतात. मला हा नियम कठोर वाटत नाही. तो नसता तर तीन-चार बलाढ्य शाळांनी दर उन्हाळ्यात बाहेरून खेळाडू गोळा केले असते आणि चार वर्षे घाम गाळणाऱ्या तिथल्या मुलांची जागा गेली असती.

याखेरीज गुणांची सरासरी चारपैकी किमान २.० लागते, आणि नववीपासून सलग आठ सत्रांपर्यंतच पात्रता टिकते.

राज्य बदलले की नियम बदलतात. टेक्सासमध्ये ‘यूआयएल’ ही तिथली शालेय खेळांची संस्था मागच्या शाळेतल्या सहभागाचा फॉर्म भरून घेते आणि जुन्या शाळेलाही त्यावर मत विचारते. बदली खेळासाठीच केली असे जिल्हा समितीला दिसले, तर किमान एक पूर्ण वर्ष वार्सिटी बंद. फ्रिस्को किंवा प्लेनोला जाणाऱ्यांनी कॅलिफोर्नियाचा अनुभव तिथे गृहीत धरू नये.

शाळांनाही एक सांगणे आहे. प्रवेशाच्या टेबलावर लसीकरणाचा फॉर्म मागतात, तिथेच ‘मागच्या बारा महिन्यांत कोणता खेळ खेळलात?’ हा प्रश्न विचारावा आणि उत्तर आले की पालकांना ऍथलेटिक डायरेक्टरकडे (शाळेच्या क्रीडाप्रमुखाकडे) पाठवावे. तोवर पालकांनी स्वतःच, नव्या लीजवर सही करण्याआधी, त्यांना ई-मेल करावा: इयत्ता, जुनी शाळा, खेळलेले खेळ आणि घर कोण कोण सोडणार हे चार मुद्दे लिहून. जूनच्या मध्यानंतर शाळांची कार्यालये बहुधा बंद असतात आणि अमेरिकन फुटबॉल, क्रॉस कंट्री, मुलींचे टेनिस यांचा मोसम ऑगस्टमध्येच सुरू होतो. म्हणून हा ई-मेल मे महिन्यातच जायला हवा.

आपला विश्वासू,
एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया