किती तासांत आलास?

कोपरगाव,
रविवार सकाळ

प्रिय विन्या,

परवा शिर्डीचं दर्शन करून तुम्ही सगळे आमच्याकडे आलात, घर कसं भरून गेलं. वहिनींनी आणलेली संत्रा बर्फी चिमी रोज दोन-दोन तुकडे मोजून घेते आहे.

पण गड्या, गाडीतून उतरता उतरता तू जे बोललास ते माझ्या डोक्यातून जात नाही. "शिवमडक्याहून शिर्डी पावणेचार तासांत! चहालासुद्धा थांबलो नाही." तुझा ओम शेजारच्या सीटवरून उतरला आणि तुझ्याकडे बघून हसला. मी गप्प राहिलो. इतक्या लांबून आलेल्या मित्राला दारातच काय बोलायचं, असं वाटलं. तेव्हापासून ते गप्प राहणं खुपतंय, म्हणून लिहितोय.

नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून शिर्डीपर्यंत 520 किलोमीटर आणि पावणेचार तास. म्हणजे सरासरीच ताशी 139 च्या घरात, आणि समृद्धी महामार्गावर आपल्या गाड्यांना मर्यादा आहे 120 ची, घाटात 100 ची. सरासरी 139 यायला काटा किती वेळ दीडशेवर असेल, हे मला कुणी सांगायला नको. मीही तोच होतो. अमरावती रोडवर तुझ्या आरएक्स 100 वर डबलसीट बसून बाजारगावपर्यंत जायचो, तेव्हा घड्याळ माझ्याच हातात असायचं. मागच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं कमी लागली की दोघंही किती खूश व्हायचो! ते घड्याळ मी पुढे वीस वर्षं हातातून सोडलंच नाही.

बाबा ती सवय कधीच ओळखून होते. गणेशपेठ डेपोत एसटी चालवून रिटायर झालेला माणूस, विना अपघात सेवेचा बिल्ला अजून देवघराच्या कप्प्यात ठेवलेला. माझ्या शेजारी बसले की बोलायचे काही नाहीत. फक्त त्यांचा उजवा पाय खालच्या रबरी मॅटवर दाबला जायचा, जिथे ब्रेक असता तिथे. पुढे ट्रक दिसला की पाय दाबला. कुणी लेन बदलली की दाबला. मला ते दिसायचं, आणि मी आवाज वाढवून गाणी लावायचो. गाडीचा तो पिकपिक आवाजही त्यातच बुडायचा. जुलै 2019 नंतरच्या गाड्यांना तो बसवूनच येतो ना: 80 ओलांडले की अधूनमधून, 120 ओलांडले की सतत.

दोन वर्षांपूर्वी मेहकरच्या अलीकडे संध्याकाळी माझ्या लेनमध्ये ट्रकच्या फुटलेल्या टायरचा हा एवढा तुकडा पडलेला होता. काटा 140 वर. दिसला तोवर उशीर झालेला. डावीकडे गाडी नव्हती म्हणून वाचलो, एवढंच. मीनल माझा दंड धरून बसली होती, चिमी मागे झोपलेली. आता वाटेल, तिथे डोळे उघडले. नाही उघडले, विन्या. आठ दिवस शंभरने चालवली आणि नवव्या दिवशी पुन्हा 130. भीती आठ दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही, निदान माझी टिकली नाही. आकडेही माहीत होते. 2022 साली देशभरात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली आणि त्यातले 71 टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर, हे सरकारच्याच अहवालात आहे. वाचलं, हळहळलो, गाडी काढली.

मला थांबवलं चिमीने, आणि तेही तिच्या नकळत. नागपूरला पोहोचलो, आत्याने दारातच विचारलं, "किती वेळ लागला गं?" चिमी छाती काढून म्हणाली, "पावणेचार तास! बाबांनी सगळ्यांना मागे टाकलं!" तो अभिमान अगदी माझाच होता, विन्या. माझं घड्याळ मी माझ्या पोरीच्या हातात दिलं होतं. परवा ओम हसला ना, तेव्हा मला तीच चिमी दिसली.

त्या रात्री वही घेऊन गणित मांडलं. कोरडा रस्ता, चांगले टायर, आणि पुढचं दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद. 100 च्या वेगातली गाडी जवळपास 98 मीटरवर उभी राहते. 140 ची गाडी त्याच जागेवरून, त्याच क्षणी अडथळा बघते. तिचे पहिले 58 मीटर तर पाय उचलण्यातच जातात. शंभरवाली जिथे थांबली तिथे पोहोचताना हिचा वेग किती असेल? मी तीनदा करून बघितलं. 110 च्या वर! वेग वाढतो दीडपटीच्या आत, पण धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, ती जवळजवळ दुप्पट होते. तू इंजिनिअर आहेस, तूच मांडून बघ.

वेळ वाचतो हे मी नाकारत नाही. शिर्डी ते नागपूर 140 ऐवजी 120 ने गेलं तर 37 मिनिटं जास्त लागतात. पण त्या वाचवलेल्या 37 मिनिटांत मी काय करायचो ते आठवलं. घरी पोहोचून सोफ्यावर पडायचो, बोटं आखडलेली, डोळे चुरचुरत, आई काय बोलते ते कानावर येत नाही.

सवय कशी मोडली ते सांगतो, कारण नुसतं ठरवून मोडत नाही. सगळ्यात आधी फोनवर पोहोचायची वेळ सांगणं बंद केलं. "पाच वाजता येतो" म्हटलं की दुपारभर ते पाच वाजणं मानेवर बसतं. आता "निघालो" एवढंच सांगतो. गाडी 100-110 वर ठेवतो, ओव्हरटेक झाला की डाव्या लेनमध्ये परत. पण एकाच वेगात सरळ रस्त्यावर डोळे जड होतात, म्हणून दीड-दोन तासांनी थांबायचंच, तहान असो वा नसो. डबा घरचाच.

सगळ्यात अवघड गेलं ते मागून डिपर मारणाऱ्याला जाऊ देणं. छातीत अक्षरशः आग व्हायची. पहिले तीन-चार महिने स्टिअरिंगवरची पकड मुद्दाम सैल करून मोठा श्वास घ्यायचो. गेल्या दिवाळीत एकदा घसरलोही, जालन्यापुढे काटा 130 वर होता तेव्हा मीनलने सांगितलं. लगेच उतरवला.

आणखी एक, याकडे कुणाचं लक्षच नसतं. चार तास भरधाव आल्यावर महामार्गावरून खाली उतरलं की 60 म्हणजे रांगल्यासारखे वाटतात. डोळे आणि कान त्या वेगाला सरावलेले असतात. आपल्याला वाटतं गाडी हळू आहे, आणि समोर तर सायकलवरची शाळकरी पोरं, बैलगाडी, वळणावर उभा टेम्पो. उतरल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं मी मनाचं ऐकत नाही, फक्त काटा बघतो. ओमला एवढं तरी नक्की सांग.

मागच्या महिन्यात बाबांना घेऊन इकडे आलो. कारंजा लाड ओलांडलं आणि सहज त्यांच्या पायाकडे नजर गेली. चप्पल काढून ठेवलेली, पाय सीटखाली दुमडलेला, मान खिडकीला टेकून ते चक्क घोरत होते. माझ्या शेजारी बाबांना झोप लागलेली मी पहिल्यांदा बघितली. मागे मीनलला खुणेनेच दाखवलं.

माझ्या बोलण्याचा राग आला तर फोन कर आणि शिव्या घाल, पण फोन कर. आणि ओमच्या हातात किल्ली देशील तेव्हा पहिले काही महिने त्याच्या शेजारी तूच बस.

दिवाळीला आम्ही सगळे येतोय. किती वाजता पोहोचू ते विचारू नकोस. वहिनींना म्हणावं, जेवून घ्या, आमच्यासाठी झाकून ठेवा.

तुझा,
सुध्या