ज्योडीच्या आईची बाजू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीत मी 'पाडस' वाचलं. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची ही कादंबरी १९३८ची. पुढच्याच वर्षी तिला अमेरिकेतलं पुलित्झर पारितोषिक मिळालं. राम पटवर्धनांनी ती मराठीत अशी आणली आहे की फ्लोरिडातलं ते रान आमच्या शिवाराला लागूनच आहे असं वाटत राहतं. माझ्या आधी वर्गातल्या दोघींनी ती वाचली होती. दोघींचंही म्हणणं एकच, कादंबरीतल्या ज्योडी या मुलाची आई दुष्ट आहे. मला ते अजिबात पटलेलं नाही, म्हणून हे पत्र.

ज्योडीच्या वडिलांना साप चावतो. विष ओढून घेण्यासाठी ते एक हरणी मारतात आणि तिचं काळीज जखमेवर लावतात. तिचं पोरकं पिल्लू ज्योडी घरी आणतो. त्याला भांड्यातून पिता येईना, तेव्हा दुधात बुडवलेली बोटं त्याच्या तोंडात देतो. इथे मी पुस्तक जरा मिटून ठेवलं. तीन वर्षांपूर्वी आमची शेळी वितानाच गेली, तेव्हा तिच्या करडाला मी असंच पाजलं होतं. खरबरीत जीभ, वरची बिनदातांची कडक हिरडी, आणि बोट काढून घेतलं की मनगटावर दिलेली ढुशी.

पण पाडस वाढतं. आधी तंबाखूची रोपं जातात, मग मक्याचे कोवळे कोंब. वडील अंथरुणाला खिळलेले. ज्योडी पुन्हा मका पेरतो, कुंपण उंच करतो, आणि फ्लॅग, म्हणजे ते पाडस, ते सहज ओलांडून आत येतो. काही महिन्यांपूर्वीच पुराने पीक नेलेलं. मका गेला म्हणजे त्या घराची वर्षाची भाकरी गेली.

आमच्याकडे हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगायी, शिरतात. आजोबा सत्तरीतही जागलीला जातात, माळ्यावर टॉर्च आणि पत्र्याचा डबा घेऊन. एका पहाटे मी सोबत होते. डबा वाजला तसा कळप पळाला, एक पिल्लू मात्र तारेपाशी अडकून राहिलं. आजोबांनी डबा थांबवला. पिल्लू पलीकडे जाईपर्यंत आम्ही दोघं गप्प बसून होतो. उजाडल्यावर आजोबा मोडलेल्या ओळींतून कितीतरी वेळ नुसते फिरत राहिले.

ज्योडीच्या आईने त्याच्या आधी कितीतरी लेकरं पुरली आहेत. उरलेल्या एकाच्या ताटात काय वाढायचं, याचा हिशोब तिच्याकडे आहे. वडील ज्योडीला पाडस रानात नेऊन मारायला सांगतात. त्याच्याने ते होत नाही, म्हणून बंदूक तिच्या हाती येते. तिला नेम धरता येत नाही. पाडस नुसतं जखमी होतं आणि शेवट ज्योडीलाच करावा लागतो. ती पानं मी दोनदा वाचली, दोन्ही वेळा रडले. पण दुष्टपणा मला तिथे कुठे दिसला नाही.

आमच्या करडाचा पुढे बोकड झाला. ताईच्या फीसाठी आईने तो बाजारात नेऊन विकला, तेव्हा मी तिच्याशी दोन दिवस बोलले नव्हते. त्याचं दावं तिने परत आणलं होतं. ते अजून गोठ्यात खुंटीला आहे, हे मला या सुट्टीत पहिल्यांदा दिसलं.

'पाडस' आता आई वाचते आहे. सापापर्यंत आली आहे.

आपली वाचक,
इयत्ता अकरावी, जि. वाशीम