लिफ्टचे इंच नकोत, आर्मची लांबी छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ऑफ-रोड गाड्यांच्या लाँग आर्म किटची तुलना आली होती. आर्म म्हणजे दोन चाकांमधलं लोखंडी हाउसिंग (अ‍ॅक्सल) चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडणारा दांडा; या किटमध्ये तो मूळपेक्षा लांब असतो. तक्त्यात रकाने दोनच, गाडी किती इंच उचलते आणि किंमत किती. माझी ३१ वर्षं सातपूरला टूलरूममध्ये गेली, आता घरामागच्या शेडमध्ये जिपांची वेल्डिंगची कामं करतो. तो तक्ता घेऊन दोन पोरं माझ्याकडे आली, म्हणून हे पत्र.

गाडी उंच काय, नुसते स्प्रिंग बदलूनही होते. लाँग आर्म लागतो तो उंचीमुळे बिघडलेला आर्मचा कोन सुधारायला. पोरांना मी फरशीवर खडूने काढून दाखवलं. हाउसिंगपासून चेसिसपर्यंतचा आर्म १६ इंचांचा आणि मुळात आडवा धरला, तर गाडी ४ इंच उचलल्यावर तो साडेचौदा अंश झुकतो. तोच ३२ इंचांचा असेल तर जेमतेम सात. चाक आणखी ४ इंच खाली लोंबलं की आखूड आर्म हाउसिंगला मूळच्या जागेपासून एकूण दोन इंचांहून जास्त मागे ओढतो, लांब आर्म साधारण एकच इंच.

हे गाडीत बसणाऱ्याला कसं कळतं? पुढच्या चाकाला धोंडा लागला की चाकाला वर आणि मागे सरकायचं असतं. आर्म फार तिरका असला तर वर जाताना तो हाउसिंगला उलट पुढे ढकलतो, म्हणजे चाक धोंड्यावरच चालून जातं. स्टिअरिंग हिसके देतं, मणक्याला दणका बसतो. लोक शॉकअबसॉर्बरला दोष देतात आणि त्याहून महाग शॉक आणतात. दणका तसाच राहतो.

किटांत दुसरा फरक वरच्या आर्मचा, म्हणजे हाउसिंगला वरून धरणाऱ्या आर्मचा. रेडियस आर्मच्या किटमध्ये वरचा आर्म चेसिसला न जाता खालच्याच आर्मवर बसतो. बसवायला सोपं, हायवेला गाडी सरळ चालते. पण एक चाक खड्ड्यात आणि दुसरं दगडावर गेलं की दोन्ही बाजूंचे आर्म हाउसिंगला उलटसुलट पिळतात आणि तो पीळ बुशांना (सांध्यांतल्या रबरी नळ्यांना) सोसावा लागतो. थ्री-लिंकमध्ये वर एकच आर्म, तोही थेट चेसिसला. चाकं मोकळी खेळतात. मात्र ब्रेक दाबल्यावर हाउसिंग फिरू पाहतं, तेव्हा त्याला वरून धरणारा तो एकटाच असतो. त्याची ब्रॅकेट लेचीपेची चालत नाही. दगडधोंड्यांत उतरणाऱ्याने थ्री-लिंकच घ्यावं, असं माझं मत आहे.

सांध्यांचा तर तुमच्या तक्त्यात उल्लेखच नाही. त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात चार महिने चिखलात गाडी घालणाऱ्याला उघडे रॉड-एंड (आवरण नसलेले लोखंडी सांधे) देऊ नयेत. त्यात कच जाते, सांधा ढिला होतो, खडखड सुरू होते. चेसिसच्या टोकाला ग्रीस निप्पलचा गोल सांधा आणि हाउसिंगच्या टोकाला रबरी बुश, ही जोडी मला सगळ्यात पटते.

आणि वेल्डिंग. भाच्याच्या जुन्या महिंद्रा एमएम ५४० जिपचे पुढचे पाटे काढून एका गॅरेजने कॉइल स्प्रिंग आणि लाँग आर्म बसवून दिले होते. गेल्या श्रावणात हरसूलहून परतताना वाघेरा घाटात त्याने ब्रेक दाबला, डावीकडून कडाड आवाज झाला आणि चाक मागे सरकून मडगार्डला घासू लागलं. धुक्यामुळे वेग अगदी कमी होता, म्हणून निभावलं. मी टेम्पो घेऊन गेलो. ओल्या रस्त्यावर पाठ टेकून बॅटरी मारली, तर ब्रॅकेट आर्मलाच लोंबकळत होती. वेल्डिंगची सबंध माळ तिच्याबरोबर सुटून आली होती आणि चेसिसवर त्या जागी हिरवा रंग तसाच होता. रंग न घासताच वरून माळ ओढलेली. लोखंडात लोखंड मिसळलंच नव्हतं. मागच्या सीटवर भाच्याची चार वर्षांची मुलगी झोपली होती.

ज्यांना अडीच-तीन इंचांपलीकडे जायचं नाही, त्यांना लाँग आर्मची गरजच नसते. बोल्टवर बसणारी ड्रॉप ब्रॅकेट आर्मचं चेसिसकडचं टोक खाली आणते, कोन बराचसा सुधारतो आणि चेसिसवर वेल्डिंग करावं लागत नाही. ती खाली लोंबते, दगडाला अडकते, हे खरं. पण लांब आर्मही गाडीच्या पोटाखालीच येतो, हे विकणारा सांगत नाही.

त्या पोरांकडे २०२० नंतरची थार आहे, आपल्या नाशिकमध्येच बनलेली. तिला पुढे अखंड हाउसिंगच नाही. दोन्ही चाकं डबल विशबोनवर, म्हणजे आपापल्या वरच्या-खालच्या आर्मवर, स्वतंत्र. अखंड हाउसिंग फक्त मागे. अखंड हाउसिंगसाठीचं पुढचं किट तिला बसणार कुठे? मारुतीच्या जिम्नीला मात्र पुढे-मागे दोन्हीकडे अखंड हाउसिंग आहे. किट कुठल्या गाडीचं, एवढा तरी खुलासा तुम्ही करायला हवा होता.

कायद्याचंही छापायला हवं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ तपशिलात मनाला येईल तसा बदल करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मी आता ट्रेलरवरून स्पर्धेला नेतात त्याच गाड्यांचं चेसिसचं काम घेतो. भाच्याला हे तेव्हाच सांगायला हवं होतं, मी गप्प राहिलो.

पुढच्या तुलनेत कृपया चार रकाने वाढवा: आर्मची लांबी, वरचा आर्म कुठे बसतो, सांधे कसले, आणि चेसिसला बोल्ट की वेल्डिंग. मोजमापं घ्यायला माणूस हवा असेल तर मी टेप घेऊन येईन.

आपला,
एक निवृत्त टूलरूम फिटर
सिडको, नाशिक