काकूंचा बायोप्सी रिपोर्ट वाचल्यावर

प्रिय विनायक,

काकूंच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, रिपोर्टचा फोटो मिळाला. तुझा प्रश्न एकच आहे, आईच्या हातात किती वर्षं आहेत, आणि त्याबरोबर तू इंटरनेटवर वाचलेला एक भयंकर आकडाही पाठवला आहेस. आधी त्या आकड्याबद्दल सांगतो. पित्ताशयाच्या कॅन्सरचा म्हणून जो एकत्रित आकडा सगळीकडे दिसतो, त्यातल्या बहुतेक रुग्णांचा रोग सापडला तेव्हाच पसरलेला होता. अनेकांचं ऑपरेशन होऊच शकलं नव्हतं. काकूंचं पित्ताशय खड्यांसाठी काढलं आणि कॅन्सर नंतर बायोप्सीत दिसला. त्यांना कावीळ नव्हती, वजन उतरलेलं नव्हतं. त्या वेगळ्या गटात मोडतात. तो आकडा त्यांना लावू नकोस.

मी इतकी वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली हेच बघत आलो आहे, म्हणून ठामपणे लिहितो. काकूंचं पुढे काय होईल, हे त्या रिपोर्टातल्या चार-पाच ओळींवर आणि येत्या काही आठवड्यांत तुम्ही काय करता यावर ठरणार आहे. त्या ओळी तुला नीट कळायला हव्यात, कारण निर्णय तुला आणि काकूंनाच घ्यायचा आहे.

पहिली ओळ खोलीची. तिथे ‘टी-२-बी’ लिहिलं आहे. पित्ताशयाची भिंत जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असते. आतड्यात अस्तर आणि स्नायू यांच्यामध्ये आणखी एक थर असतो, पित्ताशयात तो नसतोच. त्यामुळे अस्तरात सुरू झालेली गाठ लवकर स्नायूपर्यंत पोचते. ती अस्तराच्या लगतच्या थरात असेल तर टी-१-ए. तेव्हा पित्ताशय काढलं की बहुतेकदा काम संपतं, आणि पाच वर्षांनी जवळजवळ सगळे रुग्ण हयात असतात. स्नायूत शिरली तर टी-१-बी. स्नायू ओलांडून बाहेरच्या सैल पेशीजालात गेली की टी-२. बाहेरचं आवरण फोडून यकृतात किंवा शेजारच्या अवयवात घुसली की टी-३, आणि मोठ्या रक्तवाहिन्यांपर्यंत गेली की टी-४. प्रत्येक पायरीवर जगण्याची शक्यता खाली येते.

आता ‘बी’चा अर्थ. पित्ताशयाची एक बाजू पोटाच्या पोकळीकडे असते, तिला पातळ आवरण असतं. दुसरी बाजू यकृताला चिकटलेली असते आणि तिथे ते आवरण नसतं. शिवाय त्या बाजूच्या बारीक शिरा थेट यकृतात रिकाम्या होतात. काकूंची गाठ या यकृताच्या बाजूला आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वेगवेगळ्या देशांतल्या केंद्रांनी मिळून केलेल्या अभ्यासात टी-२च्या रुग्णांची अशी विभागणी केली होती. पोकळीच्या बाजूची गाठ असलेल्यांपैकी पाच वर्षांनी ६४.७ टक्के हयात होते, यकृताच्या बाजूची असलेल्यांपैकी ४२.६ टक्के. त्यानंतरच्या वर्गीकरणात टी-२चे ए आणि बी असे दोन भाग झाले. आकडा द्यायचाच तर हा दुसरा काकूंच्या जवळचा आहे. पण तोही अनेक रुग्णांचा मिळून आहे. त्यात लसिकाग्रंथींमध्ये (शरीरातला द्रव गाळणाऱ्या बारीक गाठींमध्ये) रोग असलेले होते आणि नसलेलेही.

सगळ्यात महत्त्वाचं यापुढे आहे. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना सर्जन ते यकृतापासून सोलून काढतात. ते ज्या पातळीवर सोललं जातं, तीच पातळी टी-२ची गाठ जिथे पोचते त्याला अगदी लागून असते. ऑपरेशन खड्यांसाठी होतं, त्यात कुणाची चूक नाही. पण यकृताच्या बाजूला काही पेशी मागे राहिल्या असू शकतात. अशा रुग्णांचं पुन्हा ऑपरेशन केलं तेव्हा टी-२मध्येही मोठ्या प्रमाणात, काही पाहण्यांत निम्म्याच्या आसपास, कुठे ना कुठे रोग शिल्लक सापडला आहे. यकृताच्या त्या जागेत, पित्ताशयाच्या नळीच्या टोकाशी किंवा लसिकाग्रंथींमध्ये. असा शिल्लक रोग सापडणं किंवा न सापडणं हा जगण्यावर परिणाम करणारा फार मोठा घटक आहे, आणि तो आज कुठल्याही कागदावर लिहिलेला नाही.

म्हणून दुसरं ऑपरेशन टाळू नका. तू लिहिलंस की घरात सगळे म्हणतात, ‘आत्ताच एक झालं, वय झालंय, पुन्हा नको.’ माझं मत उलट आहे. पहिलं ऑपरेशन खड्यांचं होतं, कॅन्सरचं अजून झालंच नाही. या दुसऱ्यात पित्ताशयाला लागून असलेला यकृताचा थोडा भाग काढतात आणि यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या व पित्तनलिकेभोवतीच्या लसिकाग्रंथी काढतात. पित्ताशयाच्या नळीचं टोक स्वच्छ असेल तर मुख्य पित्तनलिका काढायची सहसा गरज पडत नाही, आणि काकूंच्या रिपोर्टात ते स्वच्छ आहे. जितकं मोठं ऑपरेशन तितकं चांगलं, असंही नाही. चारी बाजूंच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली रोगमुक्त याव्यात, एवढंच ध्येय. ते साधलं तर ऑपरेशनचा खरा फायदा मिळतो. कडेला पेशी राहिल्या तर फार थोडा मिळतो.

लसिकाग्रंथींची ओळ वाचून तुला हायसं वाटलं, ते समजलं. पण नीट बघ, एकच ग्रंथी तपासली आहे. ती स्वच्छ आहे हे चांगलंच, पण एका ग्रंथीवरून निष्कर्ष काढता येत नाही. किमान सहा तपासायला हव्यात, असा आता दंडक आहे. एक ते तीनमध्ये रोग असेल तर एक गट, चार किंवा त्याहून जास्त असतील तर दुसरा. ग्रंथींमध्ये रोग असणं ही टी-२मधली सगळ्यात जड बाजू. महाधमनीजवळच्या ग्रंथींपर्यंत तो गेला असेल तर पसरलेला रोग धरतात आणि मग मोठ्या ऑपरेशनचा उपयोग उरत नाही. म्हणून आधी स्कॅन करून घ्या. सर्जननी सुरुवातीला दुर्बिणीतून पोट बघून मगच पुढे जायचं ठरवलं, तर त्याला हो म्हणा.

बाकीच्या ओळी थोडक्यात. पेशी ‘मध्यम’ प्रतीच्या आहेत, म्हणजे फार सौम्यही नाहीत आणि फार आक्रमकही नाहीत. रक्तवाहिन्यांत शिरकाव नाही, हे चांगलं. मज्जातंतूंभोवती शिरकाव आहे, ही वाईट खूण आहे आणि ती मी तुझ्यापासून लपवणार नाही. रक्तातलं सीए १९-९, म्हणजे या कॅन्सरमध्ये वाढू शकणारं एक द्रव्य, वाढलेलं नाही. ते कावीळ असतानाही वाढतं, त्यामुळे नुसत्या त्या चाचणीवर फार विसंबू नये.

एक गोष्ट मात्र तुला शोधून काढायची आहे. पहिल्या ऑपरेशनच्या नोंदी मागव आणि पित्ताशय फाटून पित्त सांडलं होतं का, ते पिशवीत घालून बाहेर काढलं होतं का, हे बघ. पित्त सांडलं असेल तर पोटाच्या आवरणावर पेशी रुजण्याचा धोका वाढतो. भांडण्यासाठी हे विचारू नकोस. पुढच्या सर्जनना कुठे जास्त लक्ष द्यायचं ते त्यावरून कळेल. पोटावरच्या छिद्रांची जागा कापून काढण्याचा आग्रह कुणी धरला, तर मात्र कारण विचार. त्याने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही, आणि आता ते सरसकट करत नाहीत.

वेळेबद्दल. अमेरिकेतल्या अनेक केंद्रांच्या एका पाहणीत पहिल्या ऑपरेशननंतर चार ते आठ आठवड्यांत दुसरं झालेल्यांचा निकाल सगळ्यांत चांगला होता. घाईघाईने केलं तर सूज असते आणि स्कॅन धड वाचता येत नाही, उशीर केला तर रोगाला वेळ मिळतो. तुमच्याकडे तयारीला वेळ आहे. सर्जन मात्र यकृत-पित्तनलिकेचं काम नेहमी करणारे हवेत. या ऑपरेशनात त्याने खरोखर फरक पडतो. घराजवळच्या सोयीपेक्षा ते महत्त्वाचं.

केमोबद्दलही विचारलं आहेस. ऑपरेशननंतर कॅपेसिटाबिनच्या गोळ्या सहा महिने देतात. ब्रिटनमध्ये ४४७ रुग्णांवर बिलकॅप नावाची चाचणी झाली, तिचे निकाल २०१९ मध्ये आले. त्यात पित्तनलिकेचे रुग्ण जास्त आणि पित्ताशयाचे कमी होते. गोळ्या घेतलेल्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ५१.१ महिने आलं, न घेतलेल्यांचं ३६.४. सगळे रुग्ण धरले तर हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर थोडक्यात हुकला, ठरल्याप्रमाणे उपचार झालेल्यांत तो टिकला. तरीही आज बहुतेक ठिकाणी हाच उपचार देतात आणि काकूंना तो मिळावा असं मला वाटतं.

तो मिळण्यासाठी त्या ऑपरेशनमधून धडधाकट बाहेर यायला हव्यात. जखम चिघळली किंवा पित्त गळत राहिलं की केमो लांबते. म्हणून आतापासून त्यांचं खाणं सुधार, प्रथिनं वाढव, रोज चालायला ने, साखर काबूत ठेव. वय मी आडकाठी मानत नाही. अशक्तपणाला मात्र मानतो.

पुढची दोन वर्षं तपासण्या चुकवायच्या नाहीत. रोग परतला तर बहुधा याच काळात परततो. ती दोन वर्षं निर्वेध गेली की पुढची शक्यता आजच्यापेक्षा चांगली असते.

आणि विनायक, काकूंना सांग. तुम्ही त्यांना ‘थोडं इन्फेक्शन होतं’ म्हणून सांगितलंय आणि आता दुसऱ्या ऑपरेशनला न्यायचं म्हणता. शरीर त्यांचं आहे, हो म्हणायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं. सहा महिने गोळ्या गिळायच्या तर कशासाठी, हे माहीत असलेलं माणूस त्या नेटाने घेतं. त्यांना मी लहानपणापासून ओळखतो. त्यांना कळलेलं असणार, आणि तुम्हाला त्रास नको म्हणून त्या गप्प असणार. जमत नसेल तर मी बोलतो.

आता तीन कामं कर. ऑपरेशनच्या नोंदी मिळव. लॅबमधून पित्ताशयाच्या तुकड्यांच्या काचपट्ट्या आणि ते तुकडे जपून ठेवलेले मेणाचे ठोकळे दोन्ही माग, नुसता रिपोर्ट चालणार नाही. ते माझ्याकडे पाठव, मी स्वतः बघतो आणि यकृताच्या बाजूची खोली पुन्हा मोजतो. शनिवारी रात्री फोन करतो, तोवर सर्जनची वेळ घेऊन ठेव.

तुझा,
सुहास