टर्बाइन बायोगॅसवर चालेल, पण नुसती नळी जोडून नव्हे

महोदय,
गोव्यातल्या साळगावच्या कचरा प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि वीज तयार होते. असा गॅस छोट्या गॅस टर्बाइनलाही (जळत्या गॅसच्या झोताने पाती फिरवून वीज करणाऱ्या यंत्रालाही) चालतो. मात्र यंत्रात बदल करावे लागतात.

बायोगॅसमध्ये मिथेन साधारण 55 ते 60 टक्के, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, जो जळत नाही. तेवढ्याच उष्णतेसाठी नैसर्गिक वायूच्या जवळपास पावणेदोन पट गॅस आत सोडावा लागतो. जुन्या नोझलमधून दाब वाढवून तो ढकलला, तर ज्योत नोझलपासून सुटते आणि विझते. नोझल, कंट्रोल व्हॉल्व्ह, पाइप सगळेच मोठे हवेत.

खरा घात सिलोक्सेन नावाची सिलिकॉनची संयुगे करतात. शॅम्पू-क्रीममधून आलेले हे द्रव्य जळून वाळूसारखी पूड होते आणि पात्यांवर घट्ट बसते. त्यासाठी ॲक्टिव्हेटेड कार्बनचा (अशी द्रव्ये धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र कोळशाचा) फिल्टर हवा. पण ओला गॅस गेला की फिल्टर लवकर निकामी होतो, म्हणून आधी गॅस 5 अंशांपर्यंत थंड करून पाणी काढायचे. (पावसाळ्याला दोष नको, बायोगॅस मे महिन्यातही ओलाच असतो!) गंज आणणारा हायड्रोजन सल्फाइड गंजलेल्या लोखंडी किसाच्या थरात अडतो.

निविदेत टर्बाइनच्या किलोवॅटसोबत फिल्टरमधला कार्बन कधी बदलणार, हेही लिहून घ्यावे.

— एक अभियंता, फोंडा